कोण येणार? अंदाज, याद्या आणि दुसरी पसंती

मतदानाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास महाड तालुक्यातल्या तळीयेच्या आसपासच्या कुठल्याही वाडीत जावं. शाळेपासून थोड्या अंतरावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि टेबलावर मतदार यादीची झेरॉक्स. यादीवर वाकलेला कार्यकर्ता पेन्सिलीनं खुणा करत असतो. मत देऊन गेलेल्याच्या नावापुढे बरोबरची खूण. काही नावांपुढे सकाळपासूनच 'मुं.' लिहिलेलं असतं. ही मुंबईकर मंडळी. कुणी नालासोपाऱ्याला, कुणी दिव्याला, कुणी कळव्याला राहतो. संसार तिकडे आणि मत इकडे. तीन वाजता टेबलावर प्रश्न एकच असतो: गाडीनं माणगाव सोडलं का? माणगावच्या बाजारपेठेत गाडी तासभर अडकली तर ती सहाच्या आत पोचत नाही, आणि त्या गाडीतली नावं यादीवर कोरीच राहतात.

या कार्यकर्त्याला संध्याकाळी विचारा, 'बूथला कसं?' तो जो आकडा सांगेल तो पाच-दहा मतांच्या फरकानं खरा निघतो, हे मी अनेक निवडणुकांत पाहिलंय. कारण त्याला प्रत्येक घर माहीत असतं. कुणाच्या बांधाचं भांडण आहे, कुणाच्या मुलाला कंपनीत कुणी लावलं, कुठली भावकी कुणाच्या शब्दाबाहेर जात नाही. पण त्यालाच विचारा, 'आमदार कोण?' की त्याचा अंदाज एकदम पातळ होतो. महाड विधानसभेत महाड आहे, पोलादपूर आहे, माणगावचाही भाग आहे. तिथल्या टेबलांवरचे आकडे फोनवरून येतात आणि प्रत्येक आकड्यात सांगणाऱ्याची आशा मिसळलेली असते. शंभर टेबलांची आशा एकत्र केली की ती लाट वाटू लागते. दोन्ही बाजूंना सारखीच.

निवडून कोण येणार हा प्रश्न आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून राष्ट्रपतिपदापर्यंत विचारला जातो. त्याचं उत्तर काढायच्या पद्धती शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ निघाल्या: पेन्सिलीची यादी, टपालाची कार्डं, नमुना पाहण्या, एक्झिट पोल, संगणकाची शक्यता-गणितं, राजस्थानातल्या फलोदीचा सट्टाबाजार. त्या सगळ्यांकडे एकदा ओळीनं पाहावं असं फार दिवस मनात होतं. पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं. अंदाज चुकतो तेव्हा बेरीज-वजाबाकी क्वचितच चुकलेली असते. कुणाला तरी विचारायचं राहून गेलेलं असतं, किंवा विचारूनही त्याचं मत धरलेलं नसतं.

आपल्या टेबलापासूनच पाहू. टेबलावर बसणारे बहुतेक पुरुष. घरातली चार मतं ते घरच्या कर्त्याच्या नावावर धरतात, 'घरचं मत' म्हणून. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेआधी जुलैपासूनचे लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले होते. बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या बायकांना मत कुणाला, हे टेबलावरच्या कुणी विचारलं होतं? लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या होत्या. साडेपाच महिन्यांनी विधानसभेत भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ वर गेली. बहुतेक चाचण्यांनी महायुतीला पुढे धरलं होतं, पण तिन्ही पक्ष मिळून २३० होतील असं म्हणणारा विरळाच. एका योजनेनं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण घरचं मत एक धरायची सवय त्या वर्षी महाग पडली, हे नक्की.

महाडमध्ये त्या वेळी आणखी एक हिशोब चालू होता. माजी आमदार माणिक जगताप २६ जुलै २०२१ला गेले, महाडच्या महापुरानंतर चारच दिवसांनी. २०१९ला त्यांना शिवसेनेच्या भरत गोगावले यांनी २१,५७५ मतांनी हरवलं होतं. २०२४ला त्यांच्या कन्या स्नेहल जगताप ठाकरेंच्या शिवसेनेची मशाल घेऊन उभ्या राहिल्या. सहानुभूती आहे असं सगळेच म्हणत होते, आणि ती होतीही. पण डोळ्यांत पाणी येणारा माणूस आणि बटण दाबणारा माणूस एकच असतो असं नाही. गोगावले २६,२१० मतांनी आले, म्हणजे मताधिक्य वाढलंच.

यादीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २२ जुलै २०२१ला तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं त्याखाली गेली. मृताचं नाव यादीतून वगळायला नमुना ७ भरतात. एका नावाला एक अर्ज. आपल्या भागात यादी घरांच्या क्रमानं छापलेली असते. एकाच आडनावाची नावं, एकाखाली एक, आजोबा, आजी, मुलगा, सून. ज्यानं ती यादी पूर्वी पेन्सिलीनं वाचली आहे त्याला ती घरं क्रमानं पाठ असतात. तळीयेची यादी हातात घेणाऱ्याचं बोट एका पानावर थांबतं, आणि त्या दिवशी 'आपली किती' हा प्रश्न त्याला विचारवत नाही.

रायगड लोकसभा मतदारसंघ तर अंदाज करणाऱ्यानं अभ्यासालाच घ्यावा. २०१४ला मोदींची लाट होती, तरी इथे भाजपसोबतच्या शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंच्या फक्त २,११० मतांनी पुढे राहिले. त्याच निवडणुकीत सुनील शाम तटकरे नावाचे एक अपक्ष उमेदवार होते. त्यांना ९,८४९ मतं पडली. आणि शेतकरी कामगार पक्षानं, म्हणजे शेकापनं, वेगळा उमेदवार देऊन जवळपास १ लाख ३० हजार मतं घेतली. आता सांगा, निकालाच्या आदल्या दिवशी कुठली पाहणी हे सांगू शकली असती? हजार-दोन हजार माणसांना विचारून दोन-तीन टक्क्यांच्या आत-बाहेर उत्तर येतं. नऊ लाखांहून जास्त मतांत २,११० म्हणजे पाव टक्काही नाही. पाहणी करणारा 'तटकरे' असं ऐकतो आणि तटकरेंच्या रकान्यात खूण करतो. यंत्रापुढे उभा राहिलेला मतदार दोन तटकरे बघतो.

२०१९ला शेकाप तटकरेंच्या मागे उभा राहिला आणि तेच तटकरे ३१,४३८ मतांनी जिंकले. हे समजायला १९८०च्या दशकात प्रणॉय रॉय, अशोक लाहिरी आणि ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड बटलर यांनी वापरात आणलेला विरोधी ऐक्याचा निर्देशांक फार उपयोगी आहे. विरोधात पडणाऱ्या एकूण मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे किती जातात, एवढंच तो मोजतो. मतं तेवढीच राहिली तरी ती एकत्र झाली की जागा फिरते. आपल्याकडे चहाच्या टपरीवर याला 'मतविभागणी' म्हणतात आणि ती सगळ्यांना कळते. पण टपरीवर जे अंगवळणी पडलेलं असतं त्याचं माप काढणं हे वेगळं काम आहे, आणि त्या तिघांनी ते करून दाखवलं.

२०२४ला हाच मतदारसंघ राज्याच्या वाऱ्याविरुद्ध गेला. राज्यात महायुतीची पडझड झाली आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीची महाराष्ट्रातली एकच जागा निघाली, ती तटकरेंची, रायगडची, ८२,७८४ मतांनी. राज्याचा कल बघून जागा सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. देशाचा एक्झिट पोल बरोबर निघाला तरी माझ्या मतदारसंघाबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि १ जूनच्या रात्री आपण सगळे नेमकं तेच त्याच्याकडून ऐकायला बसलो होतो.

पाहण्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातली एक-दोन प्रकरणंच शिकवणारी आहेत. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदासाठी रूझवेल्ट विरुद्ध लँडन अशी निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी कार्डं टपालानं पाठवली. तेवीस लाखांहून जास्त परत आली. त्यांचा कौल लँडनच्या बाजूनं होता. निकाल लागला तेव्हा ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टकडे होती. पत्ते कुठून घेतले होते? टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. महामंदीच्या काळात ज्याच्या घरी फोन नव्हता आणि दारात मोटार नव्हती, त्या माणसाला कार्ड गेलंच नाही. शिवाय ज्यांना गेलं त्यांच्यातलेही रागावलेलेच जास्त करून उत्तर देतात. याच वेळी जॉर्ज गॅलपनं फार थोड्या, पण सगळ्या थरांतल्या माणसांना विचारून रूझवेल्ट येणार हे सांगितलं होतं. बारा वर्षांनी, १९४८ला, ट्रुमन हरणार असं सांगून गॅलप स्वतः चुकला. मतदानाच्या बरेच दिवस आधी त्यानं विचारणं थांबवलं आणि शेवटच्या आठवड्यात मन बदललेली माणसं ट्रुमनकडे गेली.

आपल्याकडे १९५०च्या दशकात एरिक डिकोस्टांनी दिल्लीत जनमत संस्था काढली. १९६३ला रजनी कोठारींनी सीएसडीएस ही संशोधन संस्था उभी केली, आणि तिथल्या लोकनीतीच्या अभ्यासांनी जात, वर्ग, बाई-पुरुष, खेडं-शहर यांनुसार मत कसं पडतं हे निवडणुकांमागून निवडणुका नोंदवलं. या कामाबद्दल मला खरा आदर आहे. कोण येणार हे सांगण्यापेक्षा कोण का आलं हे सांगणं जास्त कष्टाचं असतं, आणि ते काम टीव्हीवर दिसत नाही. २००४ला बहुतेक एक्झिट पोल वाजपेयी सरकार परत येतंय म्हणत होते. भाजप १३८वर थांबला आणि काँग्रेसला १४५ मिळाल्या. २०२४ला एनडीए साडेतीनशे-चारशेच्या घरात म्हणत होते. भाजपला २४० आणि एनडीएला २९३ मिळाल्या. एका पाहणी संस्थेचे प्रमुख त्या दिवशी टीव्हीवर रडले. लोकांनी त्याची थट्टा केली. मला ती करवली नाही. महिनोन्महिने माणसं पाठवून, गावोगाव फिरवून गोळा केलेला आकडा सगळ्या देशासमोर कोसळताना पाहणं सोपं नसतं.

आपल्या भागात पाहणीवाल्याला लोक खरं सांगत नाहीत, याचं एक कारण वरवरच्या लेखांत येत नाही. यंत्रावर मतदान सुरू झाल्यापासून निकाल बूथनिहाय जाहीर होतो. मत गुप्त असतं, वाडी मात्र उघडी पडते. सत्तर-ऐंशी घरांच्या वाडीत कुठल्या बाजूला किती गेली हे मोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या तालुक्याला कळतं, आणि मग पुढच्या पाच वर्षांत पाण्याची टाकी कुठे होते, रस्ता कुठे थांबतो, याला त्याचा वास लागतो. अनेक बूथांची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर यंत्र वापरावं असं निवडणूक आयोगानं २००८लाच सुचवलं होतं. ते झालं नाही. अशा वाडीत अनोळखी मुलगी टॅब घेऊन आली आणि 'तुमचं मत कुणाला?' म्हणाली, तर उत्तर येतं, 'बघू की, अजून ठरलं नाही.' ठरलेलं असतं.

शक्यतेच्या गणिताबद्दलही बरंच गैरसमजानं बोललं जातं. २०१६ला अमेरिकेत ट्रम्प निवडून आले तेव्हा सगळे अंदाज खोटे ठरले असं आपल्याकडच्याही वर्तमानपत्रांनी छापलं. नेट सिल्व्हरच्या फाइव्हथर्टीएट या संस्थळानं ट्रम्प यांची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास धरली होती. काहींनी २ टक्के, एकानं तर १ टक्का. २९ आणि १ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शंभरातल्या एकोणतीस वेळा जे होऊ शकतं ते झालं, तर अंदाज चुकला म्हणता येत नाही. १ टक्का म्हणणारे मात्र चुकलेच, कारण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेन्सिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांतल्या पाहण्या एकाच दिशेला, एकाच कारणानं चुकू शकतात हे त्यांनी धरलं नव्हतं. पाहण्यांच्या नमुन्यात पदवीधर जास्त आले होते. पदवी नसलेल्या गोऱ्या कामगारांना पुरेसं विचारलं गेलं नव्हतं. पुन्हा तेच.

शक्यता कमी म्हणजे शून्य नव्हे, हे महाडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. २००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. सोळा वर्षांनी तळीये. आमच्याकडे पाऊस दोन दिवस थांबला नाही की म्हातारी माणसं रात्री जागी राहतात. डोंगर येईलच असं कुणी म्हणत नाही. पण येणार नाही असंही कुणी म्हणत नाही.

आता ज्या निवडणुकीसाठी मी हा सगळा पसारा मांडला, तिच्याकडे येतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदार इतके थोडे आणि इतके माहीत असतात की अंदाजाची गरजच पडू नये. खासदार आणि आमदार. प्रत्येकाचा पक्ष ठाऊक, प्रत्येकाच्या मताचं मूल्य ठरलेलं. कागद-पेन्सिल घेऊन संध्याकाळी बसलं तर निकाल आधीच मांडता यावा. १९६९ला तो मांडता आला नाही. आणि त्या निवडणुकीत आपल्या तालुक्यातला एक माणूस उभा होता, हे महाडच्या किती मुलांना शाळेत सांगितलं जातं कोण जाणे.

रायगडाच्या वाटेवर, पाचाडच्या अलीकडे नाते हे गाव आहे. १४ जानेवारी १८९६ला तिथे चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. १९१२च्या मॅट्रिकला पहिले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला वनस्पतीशास्त्र, १९१८च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिले. १९४३ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५२च्या पहिल्या लोकसभेत ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून निवडून गेले आणि नेहरूंचे अर्थमंत्री होते. १९५६ला मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात द्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून पंतप्रधानांच्या कारभारावर बोट ठेवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांची घरं होती त्यांना तो राजीनामा अजून आठवतो. मेघदूताचं मराठी भाषांतर करणारा हा माणूस होता. राजकारणाची त्यांची भूक बेताचीच होती.

३ मे १९६९ला राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळानं नीलम संजीव रेड्डींचं नाव बहुमतानं ठरवलं. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. मंडळात कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि आपले यशवंतराव चव्हाण रेड्डींच्या बाजूनं होते. इंदिराजींनी चार दिवसांत मोरारजींकडचं अर्थखातं काढलं, १९ जुलैला वटहुकूम काढून १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि दुसऱ्याच दिवशी वराहगिरी वेंकट गिरी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षानं चिंतामणराव देशमुखांना उभं केलं.

कागदावर रेड्डी यायला हवे होते. ते सत्ताधारी पक्षाचे अधिकृत उमेदवार होते. पण राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही आणि मत गुप्त असतं. इंदिराजींनी शेवटी आपल्या खासदार-आमदारांना अंतरात्म्याच्या आवाजानं मत द्यायला सांगितलं. त्या क्षणी सगळ्या याद्या निरुपयोगी झाल्या. पक्षावरून मत सांगणाऱ्या यादीत अंतरात्म्याचा रकाना नसतो.

इथे मतपत्रिका जवळून पाहायला हवी, कारण निकाल तिच्या दुसऱ्या ओळीत दडला होता. मतदार एका नावापुढे १ लिहितो. हवं तर दुसऱ्यापुढे २, तिसऱ्यापुढे ३. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतमूल्य मिळालं नाही, तर सर्वांत कमी मतं असलेल्याला बाद करतात आणि त्याच्या गठ्ठ्यातली प्रत्येक मतपत्रिका पुन्हा उचलून २ कुणापुढे लिहिलंय ते बघतात. आजवरच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकांत निकाल दुसऱ्या पसंतीनं लागला तो त्या एकाच वेळी.

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ऑगस्टला मोजणी. पंधरा उमेदवार. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७. जिंकायला ४,१८,१६९ हवं. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. खालच्या नावांत सोलापूरचे माजी खासदार आणि दलित चळवळीतले पांडुरंग नथुजी राजभोज होते, त्यांना ८३१. एका उमेदवाराला ५७६ मिळालं, म्हणजे तेव्हाच्या मूल्यानं एका खासदाराचं एक मत.

शेवटी देशमुखांचे गठ्ठे उघडले गेले. नाते गावच्या माणसाला १ लिहिणाऱ्यांनी २ कुणापुढे लिहिलं, यावर भारताचा राष्ट्रपती ठरणार होता. बाद झालेल्या सगळ्यांच्या मतपत्रिकांतून रेड्डींना ९१,८७९ मिळालं आणि गिरींना १८,५६२. हस्तांतरित झालेल्यातलं ८३ टक्के रेड्डींकडे गेलं, तरी ते पुरलं नाही. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. मी हे आकडे मांडून पाहिले: गिरींकडचे फक्त १३ खासदार रेड्डींकडे गेले असते, तर निकाल उलटला असता. एवढ्या मोठ्या देशात तेरा माणसं.

जनसंघ आणि स्वतंत्रची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी म्हणून काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा त्या पक्षांच्या नेत्यांना भेटले होते. इंदिराजींनी हीच भेट पुढे करून अंतरात्म्याच्या मताची मागणी लावून धरली. दुसऱ्या पसंतीची ९० हजारांवर मतं मिळवायला गेलेल्यांनी आपल्याच पक्षातली पहिल्या पसंतीची मतं गमावली असावीत, असं मला हे सगळं वाचून वाटतं. ते मोजणं आता शक्य नाही. पण स. का. पाटलांच्या गटाची सगळी आशा देशमुखांच्या गठ्ठ्यावर येऊन थांबली होती, हे वाचलं की मी थांबतो. १९५६ला मुंबईच्या प्रश्नावर हे दोघे समोरासमोरच्या बाजूंना होते.

चिंतामणराव जिंकणार नाहीत हे सगळ्यांना, त्यांनाही ठाऊक असणार. 'शक्यता शून्य' असंच कुठलीही पाहणी म्हणाली असती आणि ते खरंच होतं. पण त्यांच्या १३.५ टक्क्यांखेरीज कुणीही निवडून येऊ शकत नव्हतं. 'कोण येणार' एवढाच प्रश्न विचारणाऱ्याला ही गोष्ट दिसतच नाही. रायगडला २०१४ला शेकापच्या उमेदवाराबद्दल हेच खरं होतं. फरक इतकाच की आपल्या लोकसभेच्या मतपत्रिकेवर २ लिहायला जागा नाही.

निकालानंतर खटला झाला. मतदानाआधी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये रेड्डींविरुद्ध निनावी पत्रकं वाटली गेली होती, म्हणून निवड रद्द करा अशी मागणी होती; राष्ट्रपती गिरी स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्षीला आले आणि याचिका फेटाळली गेली. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. रेड्डी १९७७ला बिनविरोध राष्ट्रपती झाले.

नंतरच्या निवडणुका अंदाज करणाऱ्याला सोप्या गेल्या. १९९७ला शिवसेनेनं टी. एन. शेषन यांना पाठिंबा दिला. नारायणन यांच्या ९,५६,२९० पुढे त्यांना ५०,६३१ पडली. २००७ला जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या प्रतिभा पाटील उभ्या राहिल्या तेव्हा सेनेनं भाजपशी असलेली युती बाजूला ठेवून मराठी उमेदवार म्हणून त्यांना मत दिलं. प्रतिस्पर्धी शेखावतांच्या ३,३१,३०६ पुढे ६,३८,११६ ही बेरीज आधीच मांडता येण्यासारखी होती. २०२२ला द्रौपदी मुर्मूंच्या वेळीही काही आमदार पक्षाबाहेर मतं देऊन गेले, पण निकाल हलला नाही. आकडा इतका मोठा असला की अंतरात्मा कुणीकडेही बोलला तरी चालतं.

मतमूल्याचं सूत्र मात्र प्रत्येकानं एकदा हातानं करून पाहावं. राज्याची लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येनं भागायची, आणि पुन्हा हजारानं. महाराष्ट्राचे ५,०४,१२,२३५ भागिले २८८, भागिले हजार: १७५. महाडच्या आमदाराचं मत म्हणजे १७५. यातली लोकसंख्या आजची नाही, १९७१च्या जनगणनेची आहे. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचं नुकसान होऊ नये म्हणून १९७६च्या घटनादुरुस्तीनं ती गोठवली, आणि ८४व्या दुरुस्तीनं २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तशीच ठेवली.

मुर्मूंची मुदत २४ जुलै २०२७ला संपते. त्याआधी नवे आकडे आले नाहीत तर मुंबईतल्या विधानभवनात महाडचा आमदार गुलाबी मतपत्रिकेवर १ लिहील, आणि त्या एकाचं मोल पुन्हा १९७१च्या माणसांवरून ठरेल. त्या पाच कोटी चार लाखांत तेव्हाचं तळीयेही आहे. १९७१ला प्रगणक वाडीत आला होता, दारोदार उभा राहून त्यानं आजोबा, आजी, मुलगा, सून अशी नावं लिहिली होती. त्यातली काही पुढे मुंबईला गेली, काही पंचवीस-तीस वर्षांनी म्हातारपणानं गेली, आणि काही २२ जुलै २०२१च्या संध्याकाळपर्यंत तिथेच होती.